आईच्या ताटातलं लेकराच्या नसांत उतरतं का?

बीदर शहरातल्या मैलूरमध्ये मराठी, कन्नड आणि दखनी एकाच ओट्यावर ऐकू येतात. गरोदर बाईनं काय खावं आणि काय टाळावं, याबद्दल तिन्ही भाषांत सल्ल्यांना तोटा नसतो. पपई नको, उष्ण नको. सातव्या महिन्यानंतर पोटभर जेवू नको, मूल अंगानं वाढलं तर बाळंतपण जड जाईल. यापलीकडचा एक प्रश्न शास्त्रज्ञ गेली तीस-पस्तीस वर्षं विचारत आहेत. मूल पोटात असताना आईला जे मिळालं किंवा मिळालं नाही, त्याचा परिणाम त्या मुलाच्या रक्तवाहिन्यांवर चाळीस-पन्नास वर्षांनी दिसतो का?

पुढच्या संवादातल्या दोघी मी कल्पिलेल्या आहेत. मावशी अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, मैलूरमध्ये राहणाऱ्या. भाची कलबुर्गीला हृदयरोग विभागात डॉक्टर. त्यांच्या बोलण्यात येणारी संशोधनं, वर्षं आणि आकडे मात्र खरे आहेत. मावशींच्या सुनेला चौथा महिना लागलाय, म्हणून हा वाद दोघींनाही जिव्हाळ्याचा आहे.

मावशी : चाळिशीच्या आतली माणसं अटॅक घेऊन येतात म्हणतीस ना? मग त्यांना विचार, पोटात होतास तेव्हा तुझी आई काय जेवत होती.

भाची : त्यांना कसं ठाऊक असणार, मावशी? मी विचारते गुटखा किती, बिडी किती, बीपी शेवटचं कधी मोजलं. यातलं काही ना काही हमखास निघतं. आईपर्यंत जायची वेळच येत नाही.

मावशी : गुटखा खाणारे गल्लीत पन्नास निघतील. सगळेच चाळिशीत आडवे होत नाहीत. काही जणांचाच पाया कच्चा का, ते सांग. आम्ही बाळांची वजनं वहीत लिहिली ती उगीच नव्हती गं. म्हैसूरला मिशनच्या होल्ड्सवर्थ दवाखान्यात 1934 पासूनच्या वह्या जपून ठेवल्या होत्या. त्यातली बाळं मोठी झाल्यावर 517 जणांना हुडकून तपासलं. जन्मताना अडीच किलो किंवा कमी भरलेल्यांमध्ये शंभरातल्या 11 जणांना हृदयाचा आजार निघाला. तीन किलो शंभर ग्रॅम किंवा जास्त भरलेल्यांमध्ये फक्त 3 जणांना. आणि बाळ अडीच किलोच्या आत, वर गरोदरपणी आईचंही वजन 45 किलोच्या आत, अशांमध्ये शंभरात 20!

भाची : आकडे बरोबर आहेत, 1996 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये आले. पण त्याच म्हैसूरच्या माणसांचं पुढचं कुणी सांगत नाही. त्यांचा रक्तदाब आणि रक्तवाहिन्यांची लवचीकताही मोजली होती. 2000 साली निष्कर्ष आला, की जन्मताना बारीक असण्याचा त्या दोन्हींशी संबंध लागत नाही. तुमच्या म्हणण्याप्रमाणे नसा पोटातच बिघडल्या असतील, तर मोजमापात दिसायला नको?

मावशी : मग हृदयाचा आजार कुठून आला?

भाची : तेच तर कोडं आहे. तुम्ही एक धागा धरून सरळ आईच्या ताटापर्यंत जाता. मधे खूप गाठी आहेत.

मावशी : गाठी असू देत. नस पोटात बिघडते म्हणणारे काही कारण देत असतील ना? का नुसतं वजन बघून बोलतात?

भाची : कारण देतात, आणि ते मलाही पटण्यासारखं आहे. हृदयाचा ठोका पडला की रक्ताचा लोंढा महारोहिणीत येतो. ती फुगते आणि लगेच आवळून रक्त पुढे ढकलते. हे फुगणं-आवळणं होतं ते भिंतीतल्या इलॅस्टिन नावाच्या तंतूंमुळे. हे तंतू मुख्यतः गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार होतात. नंतर शरीर ते जवळपास बनवतच नाही. त्या काळात गर्भाची वाढ अडली, तर तंतू कमी पडतात आणि ती उणीव आयुष्यभर राहते. वय वाढतं तशी त्यांची जागा कोलॅजेनचे ताठर धागे घेतात. मार्टिन आणि ग्रीनवाल्ड या दोघांनी 1997 साली हा तर्क मांडला. मूत्रपिंडाचंही तसंच. रक्त गाळणारे नेफ्रॉन साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. जन्मानंतर नवा एकही होत नाही. कमी नेफ्रॉन घेऊन जन्मलेल्याला मिठाचा निचरा करायला जास्त दाब लागतो. ब्रेनर यांनी हे 1988 मध्येच म्हटलं होतं.

मावशी : बघ, तूच सांगूलालीस की!

भाची : घडू शकतं एवढंच सांगतेय. आईला जास्त खाऊ घातलं म्हणून लेकराच्या नसा सुधारतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी खाऊ घालून बघावं लागतं.

तसं खाऊ घालून बघितलेलं आहे, आणि तेही बीदरपासून फार लांब नाही. 1956 पर्यंत बीदर हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात होतं. आजही मोठं दुखणं निघालं की इथला माणूस हैदराबादची गाडी पकडतो. त्याच हैदराबादजवळच्या 29 खेड्यांत 1987 ते 1990 या काळात अंगणवाडीची योजना टप्प्याटप्प्यानं पोचत होती. 15 गावांत गरोदर बायकांना आणि सहा वर्षांखालच्या मुलांना रोज मका-सोयाचा उपमा मिळू लागला. बायकांच्या वाट्याला त्यातून सुमारे 500 कॅलरी आणि 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं येत. उरलेल्या 14 गावांत योजना अजून यायची होती. आईच्या खाण्याचा आणि लेकराच्या रक्तवाहिन्यांचा थेट पडताळा घेणारे प्रयोग जगात मोजकेच आहेत, म्हणून या प्रयोगाशी थोडं थांबायला हवं.

मावशी : ती पोरं मोठी झाल्यावर तपासली की.

भाची : हो. 2003 ते 2005 मध्ये, तेरा ते अठरा वर्षांची असताना, 1165 जणांना तपासलं. मनगटावरच्या नाडीवर मापक ठेवून. ठोक्याची लाट शरीराच्या टोकापर्यंत जाते आणि परत फिरते. नस लवचीक असेल तर लाटेला परतायला वेळ लागतो. नस ताठर असेल तर लाट लवकर परत येते आणि हृदयावरचा भार वाढवते. उपमा मिळालेल्या गावांतल्या मुलांमध्ये या ताठरपणाचा निर्देशांक 3.3 टक्क्यांनी कमी निघाला. ती मुलं सरासरी 14 मिलिमीटर उंच होती आणि इन्शुलिनला त्यांचं शरीर जास्त चांगली दाद देत होतं. 2008 साली हे ‘बीएमजे’त छापून आलं.

मावशी : मग आणखी काय पुरावा पाहिजे तुला?

भाची : पुढचं ऐका. रक्तदाबात फरक नव्हता, कोलेस्टेरॉलमध्येही नव्हता. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. योजना जिथे आधी पोचली, ती गावं धरली. उपमा आईनं गरोदरपणी खाल्ला आणि पोरानंही सहा वर्षांचा होईपर्यंत खाल्ला. मग गुण कुणाच्या खाण्याचा? आणि मुख्य म्हणजे तीच मुलं विशीत आल्यावर मानेतल्या रोहिणीच्या भिंतीची जाडी मोजली. 2020 साली ते निष्कर्ष आले. तेव्हा पूरक आहाराचा ठळक फायदा दिसला नाही.

मावशी थोडा वेळ गप्प बसतात. मला हा वादाचा सगळ्यात मोलाचा टप्पा वाटतो. गरोदरपणातल्या आहारावर लिहिणारे 2008 चा निकाल उत्साहानं सांगतात आणि 2020 चा सांगत नाहीत. वाचकाला दोन्ही कळायला हवेत.

मावशी : सोळाव्या वर्षी जे दिसलं ते विशीत पुसलं गेलं, असं म्हण. पण मधल्या काळात त्या पोरांनी काय खाल्लं? शहर जवळ आलं, बेकरी आली, पामतेल आलं. अंगणवाडीनं पोरगं सहा वर्षांचं करून हातात दिलं. पुढे नासवलं ते आम्ही नासवलेलं नाही.

भाची : तसंही असेल. पण मग सगळं आईवर का ढकलता? माझी खरी हरकत तिथे आहे. उद्या एखाद्या तरुण पोराला अटॅक आला की घरात म्हणतील, ‘तुझ्या पोटातच कच्चा राहिला.’ मुलगी झाली तर आई जबाबदार, मूल बारीक झालं तर आई जबाबदार. आता मुलाच्या पन्नाशीतल्या नसाही तिच्याच खात्यावर? बापाच्या बिडीचा धूर त्याच घरात होता, तो कुणी मोजत नाही.

मावशी : मी आईला बोल लावते असं तुला वाटतं? तुझ्या वहिनीचं ताट बघ एकदा. दुपारचे अडीच वाजलेत, आता बसलीय जेवायला. सगळ्यांचं झाल्यावर.

ते ताट नीट बघण्यासारखं आहे. ज्वारीच्या दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा आणि पातेल्याच्या तळाशी उरलेलं वरण. त्यात पाणी जास्त, डाळ कमी. हा तुरीचा मुलूख. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण घट्ट वरण पुरुषांच्या आणि पोरांच्या वाट्याला आधीच गेलेलं असतं. दूध सकाळीच चहात संपलं. पालेभाजी परवा झाली होती. घर माळकरी, म्हणून अंड्याचा प्रश्नच नाही. गुरुवारी उपवास, चतुर्थीला उपवास. पोट भरेल एवढं अन्न या ताटात आहे, पण बी-12 जवळपास शून्य आहे.

भाची : या ताटाबद्दल मात्र मला बोलायचंय, कारण इथे पुण्याचं काम कामी येतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. सरासरी वजन 42 किलो, उंची पाच फूट. बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडात साउदॅम्प्टनला साडेतीन किलोची. पण आपलं बाळ नुसतं बारीक नव्हतं. त्याचे स्नायू कमी होते, पोट-यकृत-मूत्रपिंडं लहान होती, चरबी मात्र जवळजवळ तेवढीच टिकून होती.

मावशी : म्हणजे हाडकुळं दिसतं, पण आत मेद.

भाची : तसंच. आणि आईनं एकूण किती कॅलरी खाल्ल्या, याच्याशी बाळाच्या वजनाचा फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याच्याशी. ज्या बायकांना शेतात आणि पाण्याला जास्त राबावं लागलं, त्यांची बाळं आणखी लहान निघाली.

मावशी : हे मी तुझ्याआधी सांगत होते! पाण्याची घागर नवऱ्यानं आणावी, हे मी तीस वर्षं घरोघर बोंबलून सांगितलं.

भाची : एक गोष्ट तुम्हालाही नवी असेल. त्यातल्या दोनतृतीयांश बायकांच्या रक्तात बी-12 कमी होतं, फोलेट मात्र क्वचितच कुणाचं कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा तपासलं. ज्यांच्या आईचं बी-12 कमी आणि फोलेट भरपूर होतं, त्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं. मधुमेहाची ती पहिली पायरी, आणि मधुमेह रक्तवाहिन्यांचा पक्का वैरी. आपण लोह-फॉलिकच्या गोळ्या वाटतो, त्या द्यायलाच हव्यात. पण शाकाहारी घरात बी-12 तपासल्याशिवाय काम अर्धंच राहतं. भाकरीत ते नाही, डाळीत नाही, पालेभाजीतही नाही. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतच ते असतं.

मावशी : मग तूच म्हणतेस ना, ताटातलं लेकरात उतरतं?

भाची : ताटातलं काहीतरी उतरतं. नसांपर्यंत किती आणि कसं, यावर मी अजून सही करणार नाही.

दोघींची भांडणाची जागा इथे अरुंद होते. मावशींना पूर्ण खात्री आहे, भाचीला अर्धी. मला भाचीची अर्धी खात्री जास्त उपयोगाची वाटते, कारण नेमकं काय करायचं ते तीच सांगते.

मावशी : आमच्याकडे 2 ऑक्टोबर 2017 पासून मातृपूर्ण योजना आली. रोज दुपारी अंगणवाडीत गरम जेवण. भात, सांबार, भाजी, अंडं, दूध, वर शेंगदाण्याची चिक्की. अर्ध्या बायका यायच्याच नाहीत. जड पोट घेऊन उन्हात चालत यायचं, चारचौघांत बसून जेवायचं, आणि सासू विचारणार, ‘घरी काय उपाशी ठेवतो का?’ काही जणी चिक्की पदरात बांधून न्यायच्या, थोरल्या पोरासाठी.

भाची : आणि आली तरी चौथ्या-पाचव्या महिन्यात. तोवर बरंच काही घडून गेलेलं असतं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये 2006 पासून एक मोठा प्रयोग झाला. साडेसहा हजार बायकांपैकी निम्म्यांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दुधाचा एक खाऊ दिला. गरोदरपणातला मधुमेह त्या गटात 7 टक्क्यांच्या आसपास राहिला, दुसऱ्या गटात 12 टक्क्यांच्या वर गेला. पण बाळाचं वजन एकूण फक्त 26 ग्रॅमनं वाढलं. आणि ज्या बायका अगदी किडकिडीत होत्या, त्यांच्या बाळांचं वजन वाढलंच नाही.

मावशी : जिला सगळ्यात गरज, तिलाच गुण नाही?

भाची : तिच्या स्वतःच्या शरीराची तूट इतकी मोठी होती, की बाळापर्यंत पोचायला उरलंच नसावं. म्हणून मी म्हणते, गरोदरपणी ताट वाढून भागत नाही. ती चौदा वर्षांची असताना भावाला दूध आणि तिला कोरा चहा, तिथून हिशोब सुरू होतो. पुण्याच्या त्याच खेड्यांत जन्मलेल्या मुलींना-मुलांना 2012 पासून, लग्नाआधीच, बी-12 द्यायला सुरुवात झाली, ती याच विचारानं.

मावशी : बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यात आणि या सीमेवर बायका खडी फोडत होत्या, पोटुशा बायकाही. तेव्हा पोटात असलेली पोरं आज पन्नाशीच्या पुढे आहेत. तुझ्या दवाखान्यात तीच येत असतील.

भाची : येतात. पण दुष्काळाचा निकालही सगळीकडे सारखा नाही. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांना पुढे हृदयविकार जास्त झाला. लेनिनग्राडच्या वेढ्यात पोटात असलेल्यांमध्ये तसा फरक सापडला नाही. एक उलगडा असा, की डच मुलांना युद्ध संपताच पोटभर मिळालं, रशियातल्यांची तंगी पुढेही चालू राहिली. पोटात टंचाई आणि बाहेर आल्यावर सुकाळ, हा जोड वाईट. दिल्लीत 1969 ते 72 मध्ये जन्मलेल्यांचा अभ्यासही तेच सुचवतो. तान्हेपणी बारीक असून दोन वर्षांनंतर जी मुलं झपाट्यानं जाड होत गेली, तीच मोठेपणी मधुमेहाकडे वळली.

मावशी : म्हणजे बारीक जन्मलेल्या नातवाला बिस्किटं कोंबून गुटगुटीत करू नये.

भाची : अजिबात नको. पहिले सहा महिने अंगावरचं दूध, मग घरचं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात तुम्ही करता ना भज्जी, ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, मेथी-चुका घालून, तसलं काही आठवड्याला एकदा घरी करा. त्या दिवशी वहिनीही सगळ्यांबरोबर बसून जेवते, ते तर रोज करा.

मावशी : तेवढं माझ्या हातात आहे. आजपासून तिचं ताट आधी. उपवास बंद, देवाला मी सांगते. दही दोन वेळा. आणि बी-12 चं तू बघ.

भाची : बघते. पण एक कबूल करा. बाळ झाल्यावर त्याचं पुढे काहीही झालं, तरी ‘तू नीट खाल्लं नाहीस’ हे वाक्य या घरात कुणी बोलणार नाही.

मावशी : बोलले तर मला विचार.

माझं मत सांगतो. गरोदर बाईला नीट जेवण मिळालं पाहिजे ते तिच्या मुलाच्या पन्नाशीतल्या हृदयासाठी नव्हे, तिच्या स्वतःसाठी. तिचं रक्त वाढावं, बाळंतपणात तिचा जीव वाचावा, तिचा दाब चढू नये म्हणून. त्यातून लेकराच्या नसाही बऱ्या राहिल्या, तर चांगलंच. पण तो पुरावा कच्चा निघाला म्हणून तिचं ताट आखडायचं कारण नाही. आणि जे मूल जन्मून मोठं झालं आहे, त्याला आईचं गरोदरपण परत आणून देता येत नाही; त्याचं बीपी मात्र मोजता येतं. अडीच किलोच्या आत जन्मलेल्या माणसानं तिशीपासून दरवर्षी ते मोजावं, मीठ हात आखडून खावं, तंबाखूला शिवू नये. हा सल्ला मावशी आणि भाची दोघींनाही मान्य होईल.

वाचकांना एकच विनंती. म्हैसूरचं संशोधन होऊ शकलं, ते 1934 पासूनच्या वह्या कुणीतरी फेकल्या नाहीत म्हणून. कर्नाटकात प्रत्येक गरोदर बाईला तायी कार्ड मिळतं, महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड. तिचं वजन, हिमोग्लोबिन, बीपी आणि बाळाचं जन्मवजन त्यावर लिहिलेलं असतं. बाळाच्या लसी संपल्या की बहुतेक घरांत ते कार्ड रद्दीत जातं. ते जाऊ देऊ नका. जन्मदाखल्याबरोबर एका पिशवीत ठेवा, आणि मूल मोठं झाल्यावर त्याच्या हाती द्या.